अकरावीला मॅथ्स ठेवायचं की सोडायचं? ॲडमिशन कन्फर्म करायच्या आधी वाचा

दहावीचा रिझल्ट लागल्यापासून अकरावीच्या शेवटच्या राउंडपर्यंत आमच्या क्लासचा फोन थांबत नाही, आणि जवळजवळ प्रत्येक फोनवर विषय एकच असतो. मुलाला मॅथ्समध्ये ७८ आहेत, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) झेपेल का? मुलगी नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) देणार आहे, मग मॅथ्स सोडलं तर चालेल ना? कॉमर्सला मॅथ्स घेऊ की एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस)? फोनवर दोन मिनिटांत याचं नीट उत्तर देता येत नाही आणि घाईत दिलेलं उत्तर पुढची दोन वर्षं निस्तरावं लागतं, म्हणून हे पत्रक छापलंय. आमच्याकडे ॲडमिशन घ्या किंवा नका घेऊ, पण हे वाचून मग कॉलेजला जा.

पहिली गोष्ट मार्कांची. स्टेट बोर्डाच्या दहावीत मॅथ्स १०० मार्कांचं दिसतं पण त्यात अल्जेब्राचा पेपर ४० चा, जॉमेट्रीचा ४० चा आणि २० मार्क शाळेचे इंटर्नल. इंटर्नलला बहुतेक मुलांना १८-१९ मिळतात. म्हणजे ७८ वाल्या मुलाने लेखी पेपरात ८० पैकी साधारण ६० मिळवलेत, आणि ते ६० कुठून आले हे मार्कशीटवर कळत नाही. जॉमेट्रीत ३५ आणि अल्जेब्रात २५ असतील तर अकरावीला त्रास होणार, उलटं असेल तर तोच ७८ वाला पीसीएम व्यवस्थित काढतो, कारण अकरावीत पानापानावर अल्जेब्रा लागतो, फॅक्टर पाडणं, ब्रॅकेट सोडवणं, क्वाड्रॅटिक इक्वेशन, आणि तिथे हात अडखळला की चॅप्टर समजूनही गणित पूर्ण होत नाही. म्हणून आम्ही टक्के विचारत नाही, प्रिलिमचा अल्जेब्राचा पेपर मागतो. काही पालकांना याचा राग येतो, बोर्डाची मार्कशीट असताना शाळेचा पेपर कशाला असं म्हणतात, पण त्या पेपरात मूल नेमकं कुठल्या पायरीला चुकतं ते दिसतं आणि मार्कशीटवर ते कधीच दिसणार नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्यात दरवर्षी मुलांचं आणि आमचंही सगळ्यात जास्त नुकसान होतं. "आधी दिवाळीपर्यंत बघू, मग मॅथ्सचं ठरवू."

हे दोन प्रकारे होतं. एक म्हणजे कॉलेजात पीसीएमबी (मॅथ्स आणि बायो दोन्ही) घेतलेलं असतं पण घरी ठरलेलं असतं की बायोकडे लक्ष द्यायचं, मॅथ्स आहे आपलं नावापुरतं, आणि नोव्हेंबरमध्ये नीटचं फिजिक्स-केमिस्ट्री जड जायला लागलं की आठवण होते की अरे आपल्याकडे मॅथ्स पण आहे, इंजिनिअरिंगचं बघू. दुसरं म्हणजे पीसीबी (मॅथ्सऐवजी बायो) घेतलेलं असतं आणि मध्येच मॅथ्स घालायचं असतं, मग कॉलेजला अर्ज, सीट आहे का नाही, ऑफिसचे हेलपाटे, यात अजून महिना जातो. दोन्हीकडची मुलं दिवाळीनंतर आमच्याकडे येतात आणि म्हणतात सर मागचं भरून काढू.

मागचं म्हणजे काय ते बघा. बोर्डाच्या अकरावीच्या मॅथ्सच्या पहिल्या भागात सुरुवातच अँगल मेजरमेंट आणि ट्रिगोनोमेट्रीच्या दोन चॅप्टरनी होते, त्यानंतर डिटरमिनंट-मॅट्रिक्स, स्ट्रेट लाइन, सर्कल, कोनिक. ट्रिगोनोमेट्री हुकली तर अकरावीत एखादवेळेस पास होऊन जातं, खरा दणका बारावीत बसतो. साइन स्क्वेअर एक्सचं इंटिग्रेशन करायचं तर आधी ते कॉस टू एक्समध्ये बदलावं लागतं, आणि तो फॉर्म्युला बारावीच्या वर्गात कोणी थांबून शिकवत नाही, तो अकरावीच्या ट्रिगोनोमेट्री टू मध्ये येऊन गेलेला असतो. मग मुलाला वाटतं इंटिग्रेशन अवघड आहे. इंटिग्रेशन अवघड नसतं हो, त्याच्याकडे वर्षापूर्वीचं सामान नसतं. लिमिट आणि डिफरन्सिएशनचं तसंच, अकरावीच्या दुसऱ्या भागात हे शेवटी येतं, बऱ्याच कॉलेजांत घाईघाईत उरकलं जातं आणि बारावीचा दुसरा भाग सुरूच डिफरन्सिएशनने होतो. स्ट्रेट लाइन कच्ची असेल तर बारावीला पेअर ऑफ लाइन्स आणि लाइन अँड प्लेनला रडारड ठरलेली.

हे बोर्डाचं झालं, सीईटीचं, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचं, वेगळं. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम ग्रुपमध्ये फिजिक्सचे ५० प्रश्न, केमिस्ट्रीचे ५० आणि मॅथ्सचे ५०, पण मॅथ्सचा प्रत्येक प्रश्न २ मार्कांचा असतो, म्हणजे २०० पैकी १०० मार्क एकट्या मॅथ्सचे. त्यातले साधारण २० टक्के अकरावीवर असतात, निगेटिव्ह मार्किंग नाही. अकरावीचं मॅथ्स ढकललेल्या मुलाने सरळ २० मार्कांवर पाणी सोडलेलं असतं, आणि सीईटीत २० मार्कांनी कॉलेज बदलतं, ब्रँच बदलते.

म्हणून आमचा नियम आहे, दिवाळीनंतर अकरावीच्या रेग्युलर बॅचला नवीन मुलं घेत नाही. फी मिळत असताना नाही म्हणणं आम्हालाही जड जातं. पण उशिरा आलेल्या चार मुलांसाठी मागचं शिकवत बसलो तर जूनपासून आलेल्या मुलांचं पुढचं थांबतं आणि त्यांच्या पालकांनी त्यासाठी फी भरलेली नाही. उशीर झालाच असेल तर एप्रिल-मे मध्ये आमची अकरावी रिपीट बॅच असते, त्यात ट्रिगोनोमेट्री, स्ट्रेट लाइन, फंक्शन, लिमिट आणि डिफरन्सिएशन एवढंच पण पक्कं करून घेतो. मधल्या काळात अल्जेब्राच्या शीट घेऊन जा, त्याचे पैसे नाहीत.

तर ठरवायचं कधी? कॉलेजच्या काउंटरवर जायच्या आधी. २०२५-२६ पासून अकरावीची ॲडमिशन अख्ख्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाली, त्यात तुम्ही शाखा आणि कॉलेजचे प्रेफरन्स भरता, पण कुठले विषय घ्यायचे हे बहुतेक ठिकाणी कॉलेजात ॲडमिशन कन्फर्म करताना विचारतात. मागे लाइन लागलेली असते, क्लार्क विचारतो बायो की मॅथ्स की दोन्ही, आणि आई-वडील एकमेकांकडे बघतात. तिथे मित्राने जे घेतलं ते घेतलं जातं.

आता कोणी काय घ्यावं याबद्दल आमचं मत स्पष्ट सांगतो.

इंजिनिअरिंग करायचंच असेल तर चर्चा नको, मॅथ्स घ्या. २०२१ मध्ये एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) हँडबुकवरून बारावीला मॅथ्स-फिजिक्स नसलं तरी इंजिनिअरिंग करता येईल अशी बातमी सगळीकडे फिरली होती, अजूनही काही पालक ती दाखवतात. पण वर सांगितलंय तसं सीईटीच्या पीसीएम ग्रुपमध्ये अर्धे मार्क मॅथ्सचे, जेईई मेनच्या ३०० पैकी १०० मॅथ्सचे, आणि कॉलेजात गेल्यावर पहिल्याच सेमिस्टरला इंजिनिअरिंग मॅथ्स समोर उभं असतं. बी आर्कला फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही लागतं. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला बऱ्याच ठिकाणी बारावीचं मॅथ्स मागतात आणि हे मुलांना बारावीनंतर कळतं, तेव्हा वाईट वाटतं. आयएसआयच्या (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) बीस्टॅट-बीमॅथला तर मॅथ्सशिवाय फॉर्मच भरता येत नाही.

एनडीएचं वेगळं सांगायला हवं कारण आपल्याकडे ते स्वप्न बऱ्याच घरात असतं आणि २०२१ पासून मुलींनाही ती परीक्षा देता येते. आर्मीसाठी बारावी कुठल्याही शाखेतून चालते म्हणून मुलं आर्ट्स घेतात, पण लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० मार्कांचा मॅथ्सचा पेपर सगळ्यांना आहे आणि तो अकरावी-बारावीच्या लेव्हलचा आहे. एअर फोर्स, नेव्हीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही बारावीला लागतात.

नीट. इथे आमचं मत क्लासवाल्यांच्या धंद्याच्या विरुद्ध जाणारं आहे. मुलीचं मेडिकलचं नक्की असेल, बायो मनापासून आवडत असेल, तर पीसीबी घ्या, मॅथ्स सोडा, काही बिघडत नाही. बी फार्म आणि ॲग्रीला पीसीबी ग्रुपची सीईटी चालते. पण "सेफ्टी म्हणून" पीसीएमबी घ्यायचं असेल तर मग चारही विषय खरोखर करायला लागतात, त्यातला एक झोपवून ठेवला की सेफ्टी राहत नाही, नुसतं ओझं राहतं. दोन्ही ग्रुपची सीईटी देता येते हे खरं आहे, पण जी मुलं दोन्हीकडे चांगला स्कोर काढतात ती पहिल्या दिवसापासून मॅथ्सला रोजचा तास देणारी असतात.

आणि पीसीबीवाल्यांनो, मॅथ्स सोडलं म्हणजे गणित सुटलं असं नाही बरं का. अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसराच चॅप्टर मॅथेमॅटिकल मेथड्सचा आहे, त्यात व्हेक्टर, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन सगळं आहे, आणि लगेच पुढे मोशन इन अ प्लेन. जून-जुलैमध्ये पीसीबीची हुशार मुलं इथेच घाबरतात. त्यांच्यासाठी आम्ही "फिजिक्सपुरतं गणित" अशी छोटी बॅच घेतो, सहा आठवड्यांची, त्यात बोर्डाचं मॅथ्स नाही, फक्त फिजिक्सला लागणारं तेवढंच. नीटच्या मुलांनी निदान एवढं तरी करावं, आमच्याकडे नाही तर दुसरीकडे.

कॉमर्सवाल्यांसाठी, मॅथ्स की एसपी. सीनिअर मुलं सांगतात एसपी घे, स्कोरिंग आहे. ज्याला पुढे सीएस (कंपनी सेक्रेटरी) करायचंय त्याने एसपी जरूर घ्यावं, कंपनी, शेअर्स, डिबेंचर्स, पत्रव्यवहार हे सगळं त्यात येतं. पण सीए करायचंय म्हणून मॅथ्स सोडून एसपी घेणाऱ्यांनी थांबून विचार करा, कारण सीए फाउंडेशनच्या तिसऱ्या पेपरात १०० पैकी ४० मार्क बिझनेस मॅथ्सचे, ४० स्टॅटिस्टिक्सचे आणि २० लॉजिकल रीझनिंगचे आहेत, वर चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात. कॉमर्सच्या मॅथ्समध्ये परम्युटेशन, कोरिलेशन, रिग्रेशन, इंडेक्स नंबर, ॲन्युइटी हे बारावीपर्यंत होऊन जातं, आणि एसपीवाल्याला तेच सगळं फाउंडेशनच्या काही महिन्यांत शून्यापासून करावं लागतं. आयआयएम इंदूरच्या आयपीमॅटचं (बारावीनंतरच्या मॅनेजमेंट कोर्सची प्रवेश परीक्षा) स्वप्न असेल तरी तेच.

एक गैरसमज, कॉमर्सचं मॅथ्स म्हणजे सायन्सचंच सोपं करून दिलेलं, असं नाही. पुस्तकं वेगळी, विषय कोड वेगळा (सायन्स-आर्ट्सचा ४०, कॉमर्सचा ८८). कॉमर्सला ट्रिगोनोमेट्री नाही, दहावीत जे साइन-कॉसला घाबरले त्यांनी त्या भीतीने मॅथ्स सोडू नये. आणि म्हणूनच आम्ही दोन्हीच्या बॅचेस एकत्र करत नाही, फी थोडी जास्त वाटते त्याचं कारण हे, एकत्र बसवलं की कॉमर्सच्या मुलांना निम्मा वेळ नको ते ऐकावं लागतं.

सीबीएसईच्या पालकांसाठी थोडक्यात. मुलगा नववीत किंवा दहावीच्या सुरुवातीला असेल तर दहावीला बेसिक मॅथ्स (२४१) की स्टँडर्ड मॅथ्स (०४१) हे आत्ताच बघा. सिलॅबस आणि पुस्तक दोन्हींचं एकच, फरक फक्त बोर्डाच्या पेपरात. अकरावीला पूर्ण मॅथ्स घ्यायचं असेल तर स्टँडर्डच घ्या, बेसिकवाल्यांना मध्ये काही वर्षं सूट दिली गेली पण सूट मिळेल या भरवशावर कशाला राहायचं. आणि अकरावीचं अप्लाइड मॅथ्स हे कॉमर्स-मॅनेजमेंटकडे जाणाऱ्यांसाठी चांगलं आहे, इंजिनिअरिंग डोक्यात असेल तर ते घेऊ नका.

ज्याला पीसीएम जड जाईल पण इंजिनिअरच व्हायचंय त्याला आम्ही स्वतः डिप्लोमा सुचवतो. दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक आणि मग डिग्रीला डायरेक्ट सेकंड इयर. गणित तिथेही आहे, पण हातात काम असताना शिकलेलं गणित काही मुलांना जास्त उमगतं. आणि ज्यांची बारावी पीसीबीने झाली आणि आता मॅथ्स हवंय, त्यांना बोर्डाकडून आयसोलेटेड (एकटा सुटा) विषय म्हणून किंवा एनआयओएस या ओपन स्कूलमधून नुसतं मॅथ्स देता येतं, वर्ष जाईल पण दार बंद नाही, अशी मुलं आम्ही वेगळी बसवून शिकवतो.

आमच्याकडे यायचं असेल तर ॲडमिशनच्या आधी एक तासाची छोटी टेस्ट असते, आठवी ते दहावीचा अल्जेब्रा आणि थोडी ट्रिगोनोमेट्री. पास-नापास असं काही नाही, त्यावरून जूनच्या फाउंडेशनला बसवायचं की सरळ रेग्युलरला ते ठरतं. फाउंडेशन रेग्युलरच्या फीमध्येच धरलेलं आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना फाउंडेशनला आम्ही आवर्जून बसवतो, गणित त्यांचं चांगलं असतं पण इंग्लिशमधला प्रश्न वाचून मांडायला सुरुवातीला वेळ लागतो, पंधरा-वीस दिवसांत ते जमतं.

विषय ठरवायला नुसतं बोलायचं असेल तर रविवारी सकाळी या, त्याचे पैसे घेत नाही, मुलाला किंवा मुलीला बरोबर आणा कारण अभ्यास त्यांना करायचाय, आणि येताना प्रिलिमचे दोन्ही पेपर, मार्कशीटची झेरॉक्स आणि ज्या कॉलेजात नंबर लागलाय त्याची विषयांची यादी घेऊन या. सायन्सच्या बॅचेस सकाळी, कॉमर्सच्या संध्याकाळी, एका बॅचला मुलं मोजकीच घेतो त्यामुळे कॉलेजची ॲडमिशन कन्फर्म झाली की त्याच आठवड्यात सीट सांगून ठेवा.