कमाई शून्य, तरी फॉर्म ८८४३ : अमेरिकेच्या करकायद्यातल्या विद्यार्थ्याची पार्श्वभूमी

"मुलगी शिकायला गेली आहे. नोकरी नाही, पगार नाही, सगळा खर्च आम्ही इथून पाठवतो. मग तिथल्या इन्कम टॅक्सवाल्यांचा तिच्याशी संबंध काय?" बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांतून हा प्रश्न दर उन्हाळ्यात ऐकू येतो. कारण तेव्हा विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी विभागाकडून ईमेल आलेली असते : उत्पन्न नसलं तरी फॉर्म ८८४३ भरा, १५ जूनच्या आत पाठवा. घरातली मंडळी धास्तावतात, कारण आयकर खात्याचा कागद म्हटला की काहीतरी देणं निघालं असाच आपला समज असतो. या फॉर्ममध्ये एक डॉलरही मागितलेला नाही. तो कशासाठी आहे हे कळलं की धास्तीही जाते आणि "कमाईच नाही तर कसला फॉर्म" असं म्हणून तो ड्रॉवरमध्येही पडून राहत नाही. मात्र त्यासाठी शंभराहून अधिक वर्षं मागं जावं लागतं, आणि तिथे बडोद्याचीही गाठ पडते.

अमेरिकेच्या राज्यघटनेतली सोळावी दुरुस्ती फेब्रुवारी १९१३ मध्ये मंजूर झाली आणि तिथल्या केंद्र सरकारला उत्पन्नावर थेट कर लावण्याचा अधिकार मिळाला. त्याच वर्षीच्या ४ जूनला भीमराव आंबेडकरांनी बडोदे संस्थानाशी करार केला : महाराज सयाजीरावांची शिष्यवृत्ती, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. ३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी नव्या आयकराच्या कायद्यावर सही केली, तेव्हा आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे आयकराचे अमेरिकेतले अग्रगण्य अभ्यासक आणि पुरस्कर्ते. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा आंबेडकरांचा ग्रंथ १९२५ मध्ये निघाला, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच आहे. बडोद्याच्या पैशावर शिकायला गेलेला विद्यार्थी आणि अमेरिकेचा आयकर एकाच वर्षी, एकाच शहरात समोरासमोर आले, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्या पहिल्या कायद्यातला कर आजच्या मानाने किरकोळ होता. एकट्या माणसाला तीन हजार डॉलर, विवाहिताला चार हजार डॉलर माफ, त्यापुढे सर्वसाधारण दर एक टक्का. पण त्यातली एक विभागणी आजही कायम आहे. अमेरिकेचा नागरिक आणि तिथला रहिवासी यांना जगभरच्या उत्पन्नावर कर. बाहेरच्या माणसाला फक्त अमेरिकेतून मिळणाऱ्या उत्पन्नावर. आता रहिवासी कोणाला म्हणायचं? पुढची सत्तर वर्षं याचं उत्तर माणसाच्या मनात शोधलं जात होतं. इथे कायम राहायचा इरादा आहे की काम झालं की परत जायचं आहे? विद्यार्थ्याच्या बाबतीत हा प्रश्न फारसा अवघड नव्हता. १९५२ च्या इमिग्रेशन कायद्याने विद्यार्थ्यांसाठी एफ व्हिसाचा वर्ग आखला, आणि व्हिसानेच मुक्कामाची मुदत बांधलेला परदेशी माणूस सहसा रहिवासी धरायचा नाही असा नियम कर खात्यानेही केला होता. बाकीच्यांच्या बाबतीत मात्र वाद चालत. घर कुठे, क्लब कुठला, सामान कुठे ठेवलं, यावर खटले उभे राहत.

१९८४ मध्ये अमेरिकी संसदेने हे सगळं बाजूला सारलं. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीने त्या जुलैत झालेल्या कायद्यात रहिवाशाची नवी व्याख्या आली आणि १९८५ पासून ती लागू झाली. ग्रीन कार्ड असेल तर रहिवासी. नसेल तर दिवस मोजा. चालू वर्षात किमान ३१ दिवस मुक्काम हवा, आणि या वर्षीचे सगळे दिवस, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षीचे एक षष्ठांश मिळून १८३ भरले, की करापुरता माणूस अमेरिकेचा रहिवासी.

हिशेब सोपा झाला, पण त्यात विद्यार्थी अडकत होता. ऑगस्टमध्ये गेलेली मुलगी पुढच्या वर्षी मेपर्यंत तिथेच असते. या मोजणीने ती दुसऱ्याच वर्षी रहिवासी ठरली असती. आजोबांनी तिच्या नावावर बँक ऑफ बडोदामध्ये ठेवलेल्या एफडीचं व्याज, पीपीएफ, म्युच्युअल फंड, सगळं अमेरिकेच्या आयकरात गेलं असतं. म्हणून त्याच कायद्याने 'एफ' (F) आणि 'जे' (J) अशा व्हिसांवरच्या विद्यार्थ्यांचे दिवस मोजणीतून वगळले. ही सवलत पाच कॅलेंडर वर्षांची. आणि वर्षाचा तुकडाही पूर्ण वर्ष धरला जातो : २० ऑगस्ट २०२५ ला विमानातून उतरलेल्या मुलाचं २०२५ हे पहिलं वर्ष, २०२९ हे पाचवं. १ जानेवारी २०३० पासून त्याचे दिवस मोजायला लागतात. त्यानंतरही कायम राहण्याचा आपला इरादा नाही हे दाखवता आलं तर सवलत पुढे चालू शकते. म्हणजे १९८४ ला हद्दपार केलेला इरादा विद्यार्थ्यापुरता शिल्लक राहिलाच.

फॉर्म ८८४३ इथून आला. सरकार दिवस मोजतं, तुमचे मोजू नयेत असं तुमचं म्हणणं आहे. मग ते लेखी कळवायला हवं. कागदावर पाहिलं तर त्यात उत्पन्नाचा रकानाच नाही. नाव, पासपोर्ट क्रमांक, कुठल्या व्हिसावर कधी आलात, गेल्या तीन वर्षांत किती दिवस अमेरिकेत होतात, त्यातले किती वगळायचे. विद्यार्थ्याच्या भागात विद्यापीठाचा पत्ता व फोन, अभ्यासक्रमाच्या प्रमुखांचं नाव, मागच्या सहा वर्षांत कुठले व्हिसा होते, पाचपेक्षा जास्त वर्षं ही सवलत घेतली आहे का, ग्रीन कार्डासाठी अर्ज केला आहे का. खाली सही आणि तारीख. सोबत आयकर रिटर्न नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर (तिथे कर भरताना लागणारा ओळख क्रमांक) नसला तरी चालतो. असा एकटा फॉर्म ऑनलाइन जात नाही, टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या पत्त्यावर टपालानेच पाठवावा लागतो. मूल सुट्टीला बडोद्यात आलेलं असेल तर तो इथल्या पोस्टातूनही जातो. रजिस्टर करावा, पावती जपून ठेवावी आणि सही केलेल्या कागदाची एक प्रत स्वतःकडे राहू द्यावी.

नवऱ्याबरोबर एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदार-मुलांच्या व्हिसावर, गेलेल्या सुनेचा आणि नातवंडाचाही फॉर्म वेगळा भरायचा असतो, मग नातवंड वर्षाचं का असेना. हे पुष्कळांच्या नजरेतून सुटतं. याउलट बाळंतपणासाठी व्हिजिटर व्हिसावर जाणाऱ्या आजी-आजोबांना ही सूट मुळीच नाही, त्यांचे दिवस मोजले जातात. दरवर्षी १२० दिवस राहिलं तर बेरीज १८० येते आणि सुटका होते. सहा-सहा महिने राहणाऱ्यांनी मात्र जाणकाराला विचारावं.

फॉर्म न भरल्याबद्दल विद्यार्थ्याला ठरावीक रकमेचा दंड नाही. त्यामुळे सीनियर मुलं ज्युनियरला "राहू दे रे" म्हणतात. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. पुढे कधी व्हिसा बदलताना किंवा ग्रीन कार्डाच्या वेळी जुनं कर-रेकॉर्ड काढायची वेळ आली, तर तेव्हाचे दिवस वगळण्याचा आधार हाच कागद असतो.

आता घरून जाणाऱ्या पैशांबद्दल. भारत आणि अमेरिका यांच्यातला दुहेरी कर टाळण्याचा करार सप्टेंबर १९८९ मध्ये झाला, डिसेंबर १९९० पासून अमलात आला. त्याच्या एकविसाव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की राहण्या-शिकण्यासाठी बाहेरून येणाऱ्या रकमेवर यजमान देश विद्यार्थ्याकडून कर घेणार नाही. वडिलांनी पाठवलेली फी आणि भाडं यांची काळजी म्हणून करायला नको. याच कलमामुळे, पुढे कधी कमाई झालीच तर भारतीय विद्यार्थ्याला अमेरिकी रहिवाशासारखी स्टँडर्ड डिडक्शन मिळते. इतर देशांच्या बहुतेक मुलांना ती मिळत नाही.

पण नोकरी नाही म्हणजे उत्पन्न नाही, असं गृहीत धरू नये. अमेरिकेच्या १९८६ च्या करसुधारणेने शिष्यवृत्तीची माफी आकसली. ट्यूशन आणि सक्तीची पुस्तकं-साहित्य यांपुरती ती राहिली. राहण्या-जेवणासाठी अमेरिकेतून मिळणारा भाग करपात्र झाला. तिथल्या बँकेतल्या साध्या ठेवीचं व्याज अनिवासी, म्हणजे दिवस वगळल्यामुळे रहिवासी न ठरलेल्या, विद्यार्थ्याला माफ आहे. मात्र फोनवरच्या अ‍ॅपवरून शेअर घेतले आणि लाभांश आला, तर करारानुसार २५ टक्क्यांपर्यंत कर लागतो. वर्षात प्रत्यक्ष १८३ दिवस तिथे राहून शेअर नफ्यात विकले तर त्या नफ्यावर ३० टक्के. अशा मुलाला ८८४३ बरोबर १०४०-एनआर हे अनिवासींचं रिटर्नही लागतं, आणि मग मुदत साधारणपणे १५ एप्रिल किंवा १५ जून यांपैकी त्याच्या उत्पन्नाच्या प्रकारावरून ठरते.

आणि कमाई नसताना कागद भरायला लावणं ही काही अमेरिकेचीच तऱ्हा नाही. आपल्या आयकर कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने असं ठरलं की करापुरता भारताचा 'सामान्य निवासी' (नेहमी इथेच राहणारा) असलेल्या माणसाचं परदेशात बँक खातं असेल तर उत्पन्न काहीही असो, रिटर्न भरायचं. ऑगस्टमध्ये गेलेला मुलगा एप्रिलपासून साडेचार महिने इथेच असतो. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला त्या वर्षी १८२ दिवसांपेक्षा कमी इथे राहिल्यास अनिवासी ठरण्याची जी मुभा मिळते, ती शिक्षणासाठी जाणाऱ्याला कायद्याच्या शब्दांत नाही, म्हणून त्या पहिल्या आर्थिक वर्षात तो बहुधा भारताचा निवासीच राहतो. आणि पोचल्या आठवड्यात त्याने तिथे खातं उघडलेलं असतंच. शिवाय २०१९ पासून परदेश प्रवासावर, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या, वर्षात दोन लाखांहून जास्त खर्च करणाऱ्यालाही रिटर्न बंधनकारक आहे; मुलाचं तिकीट काढणाऱ्या, निवृत्त झालेल्या आणि करपात्र उत्पन्न नसलेल्या वडिलांनी हे आपल्या सीएला आवर्जून विचारावं.

ज्यांचे मागच्या वर्षांचे ८८४३ राहून गेले आहेत, त्यांनी त्या त्या वर्षाचा फॉर्म अमेरिकी कर खात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा. चालू वर्षाचा छापील फॉर्म जुन्या वर्षासाठी वापरू नये. दर वर्षाचा वेगळा भरून, प्रत्येकावर सही करून, वेगवेगळ्या पाकिटांत पाठवावा.