बार: एका आडव्या दांड्याचा गोव्यातला इतिहास

गोव्यात मांडवी नदीच्या मुखाशी, आग्वाद किल्ल्याच्या बाजूला, पाण्याखाली वाळूचा आडवा बांध आहे. एरवी तो दिसत नाही. पावसाळ्यात मात्र त्याच्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ किनाऱ्यावरून ओळखता येते. जहाजवाले याला ‘बार’ म्हणतात. पणजीच्या गल्लीत दारूच्या दुकानाच्या पाटीवरचा ‘बार’, पर्वरीच्या उच्च न्यायालयातल्या वकिलांचा ‘बार’ आणि हा वाळूचा बार, तिन्ही मुळात एकच शब्द. पण उलगडा करायचा तर सुरुवात वाळूपासूनच करावी, कारण गोव्यात हा अर्थ इंग्रजीच्या कितीतरी आधी पोचला होता.

इंग्रजीने ‘बार’ बाराव्या शतकात जुन्या फ्रेंचमधून घेतला. पोर्तुगीज ‘बार्रा’ त्याच घराण्यातला. दोन्हींच्या मागे मध्ययुगीन लॅटिनमधला ‘बार्रा’ आहे. त्यापलीकडे व्युत्पत्तिकारांचे एकमत नाही. मूळ अर्थ सरळ आहे: आडवा घातलेला दांडा, आपल्या दाराचा अडसर. जुन्या पोर्तुगीज लेखनात ‘गोव्याची बार्रा’ म्हणजे मांडवीचे तोंड. 1636 ते 1644 या काळात डच आरमार दरवर्षी पाऊस सरला की या तोंडासमोर नांगर टाकायचे आणि पुढचा पाऊस जवळ आला की निघून जायचे. पावसाळ्यात त्यांना तिथे राहणे शक्यही नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. वाट अडवायला वाळू आणि लाटा पुरेशा होत्या.

बार तयार होतो तो असा: नदी समुद्राला भिडते तिथे तिचा वेग मंदावतो, सोबत आणलेली वाळू खाली बसते आणि लाटा ती मुखाकडे परत ढकलत राहतात. धोका किती, हे साध्या हिशेबाने कळते. समजा बारवर 5 मीटर पाणी आहे. 3 मीटर उंचीची लाट आली की दोन लाटांमधल्या खळग्यात पाणी साधारण दीड मीटर उतरते. उरते साडेतीन मीटर. पाण्याखाली 3.2 मीटर बुडणारी बार्ज, म्हणजे सपाट बुडाची मालवाहू नौका, कागदावर जेमतेम निभावते. प्रत्यक्षात तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लाटेबरोबर वरखाली होत असते आणि तेवढ्यानेच तळ टेकतो. एकदा टेकला की पुढची लाट तिला आडवी फिरवते. म्हणून पावसाळ्यात खनिजाच्या बार्जी आग्वादचा बार टाळून कुंभारजुवेच्या कालव्याने जुवारी नदीत उतरत आणि तिथून मुरगाव बंदर गाठत. 2017 च्या जुलैत मांडवीत आणले जाणारे एक कॅसिनो जहाज मिरामारजवळ वाळूत रुतले, तेही याच मुखाशी. (‘बार्ज’ या शब्दाचे ‘बार’शी मात्र काही नाते नाही. तो लॅटिन ‘बार्का’च्या, म्हणजे होडीच्या, कुळातला.)

न्यायालयातला बार म्हणजे कठडा. न्यायाधीशांची जागा आणि बाकीचे लोक यांच्यामध्ये तो आडवा असे. लंडनच्या चार ‘इन्स ऑफ कोर्ट’मध्येही, म्हणजे वकिलांच्या जुन्या संस्थांमध्येही, ज्येष्ठ सभासद आणि विद्यार्थी यांच्यामध्ये अशी सीमा होती. ती ओलांडण्याचा अधिकार मिळाला तो ‘बॅरिस्टर’. गोव्यात 1961 पर्यंत पोर्तुगीज कायदा होता आणि वकील ‘आदवोगाद’ होता. बारचा हा अर्थ इथे मुक्तीनंतर भारतीय कायद्याबरोबर रुळला. अनुवादक अडखळतात तेही इथेच. ‘बार्ड बाय लिमिटेशन’ यातला बार ना वकिलांचा, ना दारूचा; तो शुद्ध अडसर आहे. मराठीत त्याला ‘मुदतबाह्य’ हा नेमका शब्द आहे, तोच वापरावा.

दारूच्या दुकानातला बार म्हणजे पिंप आणि गिऱ्हाईक यांच्यामधली फळी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत फळीचे नाव पडले, पुढे ते अख्ख्या दुकानाला चिकटले. गोव्यात त्याआधीचा शब्द ‘तावेर्न’, आणि गावांत तो अजून ऐकू येतो.

पाश्चात्त्य संगीताच्या स्वरलेखनात बार म्हणजे पाच आडव्या रेघांना छेदणारी उभी रेघ, आणि ब्रिटिश वापरात अशा दोन उभ्या रेघांमधले तालाचे घरही. गोव्याच्या चर्चमध्ये स्वरलेखन शिकलेल्या वादकांकडे याला पोर्तुगीज ‘कोंपास’ हा शब्द होता. मांडो आणि दुलपद ही गोव्याची नाचाची गाणी. मांडो बहुधा 6/4 तालात लिहितात, दुलपद 6/8 मध्ये. दोन्हींच्या बारमध्ये ठोके सहाच, पण दुलपदाचा ठोका पूर्ण स्वराच्या अष्टमांश लांबीचा असतो आणि ते तीन-तीनच्या दोन गटांत मोजायचे. नवशिके ते दोन-दोनच्या तीन गटांत मोजतात. मग जोर भलत्या ठिकाणी पडतो आणि नाचणाऱ्यांचे पाय चुकतात.

ग्रँड बेटाजवळ पाण्याखाली उतरणारे 200 बार दाबाच्या हवेची टाकी घेऊन जातात आणि 50 बार शिल्लक असताना वर येतात. हा बार वेगळा, दाब मोजण्याचे एकक. तो ग्रीक ‘बारोस’वरून, म्हणजे वजनावरून, आला, बॅरोमीटर त्याच घरातला. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे 1.013 बार असतो, आणि 10 मीटर खोलीवर एकूण दाब साधारण दुप्पट होतो.

आपण बंदुकीत बार भरतो, भाषण हा फुसका बार निघतो, घरोघरी लग्नाचा बार उडतो. तो बार फारसीतला, अर्थ ओझे, ‘बारदान’ही तिथलेच. त्यामुळे मराठी कोशात ‘बार’च्या या तीन नोंदी वेगवेगळ्या हव्यात: अडसराचा, वजनाचा आणि ओझ्याचा. वाळू, वकील, दारू आणि स्वरलेखन यांना पहिल्या नोंदीखाली ठेवावे, आणि ‘बार्रा’चा उल्लेखही तिथेच करावा.