पीळ जातो कुठे?

लोकरीच्या गुंड्यातून वीतभर तुकडा कापा, त्याचे पदर वेगळे करा आणि त्यातला एकच पदर घ्या. दोन्ही टोकं चिमटीत धरून एक टोक त्याच्या पिळाच्या उलट दिशेने फिरवत राहा. तंतू सुटे होऊन एकमेकांना समांतर पसरू लागले की अलगद ओढा. धागा तुटत नाही. तो लांबत जातो, विरळ होतो आणि शेवटी दोन झुपके दोन हातांत राहतात. एकही तंतू तुटलेला नसतो. मघाशी बोटाला काचेल इतका चिवट असलेल्या धाग्यातून आपण काढून घेतला तो फक्त पीळ.

घरातच काढायच्या एखाद्या निवांत आठवड्यात हाताशी पुस्तक असतं, विणकाम असतं, कुंडीतला वेल असतो. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी तर सरळ पिळावरच उभ्या आहेत. पुस्तकाचा संबंध जरा वेगळा. पिळाविषयीची दोन फार चांगली निरीक्षणं घरात अडकून पडलेल्या माणसांच्या पुस्तकांत सापडतात.

पहिला गॅलिलिओ. 1633 मध्ये शिक्षा झाल्यावर तो फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्रीत आपल्याच घरात नजरकैदेत होता. तिथे त्याने पुरं केलेलं यंत्रशास्त्रावरचं पुस्तक 1638 मध्ये लायडनला छापलं गेलं. त्यातल्या संवादांत सुरुवातीलाच दोराचा प्रश्न येतो. तागासारख्या वनस्पतीचे तंतू जेमतेम दोन-तीन हात लांबीचे, मग त्यांचा शंभर हात दोर एवढा बळकट कसा? उत्तर असं, की पिळामुळे तंतू एकमेकांना इतके आवळून धरतात की ओढ बसल्यावर ते निसटण्याऐवजी तुटतात. यासाठी दिलेला पुरावा मला फार आवडतो. तुटलेल्या दोराचं टोक बघा, तो सांगतो. तंतू नुसते निसटले असते तर तिथे हातभर लांब झिपऱ्या लोंबल्या असत्या. दिसतात ती आखूड, तुटकी टोकं.

आवळणं म्हणजे नेमकं काय, ते विणायच्या सुईवर करून बघता येतं. सुईभोवती धाग्याचे वेढे घ्या आणि एका टोकाला हलकीशी ओढ द्या. दुसऱ्या बाजूने किती जोर लावला तर धागा घसरेल? घर्षणांक, म्हणजे धागा सुईला किती घट्ट घासतो त्याचं माप, 0.3 धरला तर एका वेढ्याला सुमारे साडेसहापट, दोन वेढ्यांना त्रेचाळीसपट आणि तीन वेढ्यांना 280 पटींहून जास्त. वेढे एकेकाने वाढतात आणि पकड गुणाकाराने. पिळलेल्या धाग्यात प्रत्येक तंतू शेजारच्या तंतूंवर असाच तिरपा वळलेला असतो. म्हणून ओढ वाढली की दाब वाढतो, दाब वाढला की घर्षण वाढतं. 2018 मध्ये पॅट्रिक वॉरन, रॉबिन बॉल आणि रेमंड गोल्डस्टीन या भौतिकशास्त्रज्ञांनी गॅलिलिओच्या या प्रश्नाचं गणित नव्याने मांडलं. तंतूंचे परस्परांशी संपर्क पुरेसे झाले, की धागा एका मर्यादेनंतर जणू एकदमच घट्ट धरतो. त्यापुढे त्याची ताकद घर्षणावर ठरत नाही, तंतूंच्या स्वतःच्या ताकदीवर ठरते. म्हणून काय वाटेल तितका पीळ द्यायचा नाही. जास्त पिळाने तंतू ओढीच्या दिशेला फार तिरपे होतात आणि धागा उलट कमजोर पडतो. कातणाऱ्याच्या बोटांना ही मधली जागा कळते.

पण पिळाची एक कटकट आहे. एकपदरी धागा पिळून सैल सोडला की तो स्वतःभोवतीच गुरफटतो. टोकं जवळ आणली की मधे एक फास तयार होतो आणि तोच गरागरा फिरून त्याची दुपदरी शेपटी बनते. म्हणजे धाग्यातला थोडा पीळ कमी झाला आणि तेवढी वेटोळी वाढली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण खऱ्या सुंभाला कितपत लागू पडते ते असो. टोकं घट्ट धरलेल्या धाग्याबाबत तरी गणित तिच्या बाजूने आहे. कालुगारेआनू, व्हाइट आणि फुलर या गणितज्ञांच्या नावाने ओळखलं जाणारं एक प्रमेय सांगतं की टोकं फिरू दिली नाहीत तर पीळ आणि वेटोळी यांची बेरीज बदलत नाही. एक कमी झालं की दुसरं तेवढंच वाढतं. पेशीतला डीएनए इतक्या लहान जागेत कसा गुंडाळला जातो, हे समजून घेतानाही हेच प्रमेय वापरतात.

विणकामाची लोकर अनेकपदरी का असते, त्याचं कारण इथेच आहे. पदर आधी एका दिशेला पिळतात आणि मग ते एकत्र करताना उलट दिशेला. पदरांचा उलगडण्याचा जोर आणि एकत्र पिळाचा उलगडण्याचा जोर एकमेकांना अडवतात. धागा शांत राहतो. सुरुवातीच्या प्रयोगात पदर वेगळे करताना तुमच्या हातातला पदर वळवळून गुरफटला असेल. तो बंडखोरपणा नेहमीच होता, शेजारच्या पदराने तो रोखून धरला होता एवढंच.

हा तोल नसेल तर काय होतं, हे कपाटातल्या टी-शर्टवर दिसतं. चार धुण्यांनंतर बगलेखालची शिवण पोटाकडे सरकते. दोष शिंप्याचा नसतो. टी-शर्टचं कापड विणलेलं, म्हणजे फाशांचं असतं आणि बहुतेक वेळा एकपदरी सुताचं. पाण्यात सूत सैल झालं की त्यात अडकलेला पीळ मोकळा व्हायला बघतो आणि प्रत्येक फासा थोडा कलतो. हजारो फासे एकाच बाजूला कलले की अख्खं कापड तिरपं होतं. मागावरच्या शर्टाला हा त्रास होत नाही, कारण तिथे ताणा आणि बाणा एकमेकांना काटकोनात दाबून धरतात. एकपदरी लोकरीचा सरळ सुलट टाक्यांचा रुमाल विणलात तर त्याचा चौकोन असाच एका बाजूला झुकेल. रुमालाच्या एकाच बाजूला एक ओळ सुलट दिसेल आणि पुढची उलट, असं पालटत गेलात तर दोन्हीकडचा कल बराचसा फिटतो.

आता कुंडीकडे. काकडी, कारलं, दोडका यांच्या वेलाचा एखादा जून तणावा बघा, म्हणजे आधार पकडणारा दोऱ्यासारखा बारीक अवयव, आधाराला धरून स्प्रिंगसारखा आखडलेला. वेलाकडून आधाराकडे बोट फिरवत जा. काही वेटोळी एका दिशेने जातात, मग मधे छोटासा सरळ तुकडा येतो आणि पुढची वेटोळी उलट दिशेने वळलेली असतात. मोजा, दोन्हीकडची संख्या जवळपास सारखी भरते.

हे बारकाईने पाहून लिहिणारा दुसरा घरबशा म्हणजे चार्ल्स डार्विन. 1860 च्या दशकात आजारपणामुळे तो बराच काळ खोलीत अडकलेला असे आणि कुंडीतला हॉपचा (बिअरमध्ये वापरतात त्या वनस्पतीचा) वेल रात्रंदिवस सोबतीला असे. शेंडा हवेत गोल फिरत आधार शोधतो. उन्हाळ्यात दिवसा हॉपच्या एका फेरीला सरासरी 2 तास 8 मिनिटं लागतात, असं त्याने नोंदवलं. वेलींवरचा त्याचा दीर्घ निबंध 1865 मध्ये आला. तणाव्यातल्या त्या उलट वळणाचं त्याने दिलेलं कारण साधं आहे. तणाव्याची दोन्ही टोकं पक्की झालेली असतात, एक वेलाला आणि एक आधाराला. अशा दोरीला एकाच दिशेने वेटोळी घालता येत नाहीत. घातली तर ती पिळून तुटेल. म्हणून जितकी वेटोळी उजवी तितकीच डावी. वादळात तो मुद्दाम कुंपणावरचा ब्रायोनीचा, म्हणजे काकडीच्याच कुळातला, वेल बघायला गेला. फांद्या झोडपल्या जात होत्या, पण लवचिक तणाव्यांनी धरलेला वेल त्याला लांब दोरखंडाच्या दोन नांगरांवर उभ्या जहाजासारखा वाटला.

तणावा आखडतो कसा, हे मात्र बरंच नंतर कळलं. 2012 मध्ये हार्वर्डच्या गटाने काकडीच्या तणाव्यात चिवट पेशींची एक दोन थरी पट्टी दाखवली. तिची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त आकसते आणि तणावा वाकतो. त्याच अभ्यासातली गंमत अशी, की जून तणावा ओढला तर लगेच उलगडत नाही. आधी तो दोन्ही बाजूंना आणखी वेटोळी घालतो आणि मगच सरळ व्हायला लागतो. थोडी ओढ तो सहज सोसतो, जोराची ओढ आली की ताठरतो.

बागकाम करणाऱ्याला या उलट वळणाचा एक रोकडा उपयोग आहे. पाणी घालायचा पाइप आपण सवयीने एकाच दिशेने वेटोळी घालून ठेवतो. मग टोक धरून ओढला की प्रत्येक वेटोळ्यामागे एक पीळ पाइपात शिरतो. कुठेतरी मुरड पडते आणि पाणी बंद. गुंड्याच्या आतून लोकर ओढतानाही असाच दर वेढ्याला एक पीळ चढतो किंवा उतरतो. उपाय तणाव्याचाच. एक वेटोळं नेहमीसारखं घाला आणि पुढचं मनगट उलटं फिरवून, आलटून पालटून. डावे-उजवे पीळ फिटतात आणि पाइप सरळ सुटतो. नाटक-सिनेमाच्या सेटवर केबल गुंडाळणारे हे रोज करतात. मोकळं टोक मात्र वेटोळ्यांच्या आतून जाऊ द्यायचं नाही. गेलं तर ओढताना दर दुसऱ्या वेटोळ्याला एक गाठ बसते.