तव्यावर सुटणारे पाणी आणि कोंबडीतले सेलेनियम

मे महिन्यात म्हापशाहून आणलेली कोंबडी काफ्रियालचा, म्हणजे गोव्याकडचा हिरवा, मसाला लावून तव्यावर टाकली, की कधी कधी ती भाजण्याऐवजी उकडायलाच लागते. हिरव्या मसाल्याभोवती पांढुरके पाणी जमते. ते आटेस्तोवर मांस आखडते आणि चावताना सुतळीसारखे लागते. आमच्या घरी याचा दोष ठरलेला: ‘दुकानदाराने धुताना पाणी मुरवले.’ तसे होतही असेल. पण त्यातले बरेचसे पाणी त्या मांसाचे स्वतःचेच असते, आणि ते का सुटले याचे उत्तर कोंबडी जिथे वाढली त्या शेडमध्ये सापडू शकते.

माझ्या मेहुण्याची वाळपईजवळ अशीच एक शेड आहे. दुपारी दोनला आत शिरलो तर कलकलाट नाही. पक्षी भाताच्या तुसावर पोट टेकून, पंख अंगापासून सुटे धरून, चोच उघडी टाकून बसलेले. गळ्याखालची कातडी भराभर हलत होती. खाद्याची भांडी भरलेली होती, पण तिकडे कोणी फिरकत नव्हते. गर्दी होती ती पाण्यापाशी.

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते आणि जास्तीची उष्णता बाहेर टाकायचा तिचा मोठा मार्ग म्हणजे धापा टाकणे. श्वासाबरोबर वाफ जाते आणि शरीर थोडे निवते. गोव्यात गोची होते ती इथेच. पारा ३३–३४ च्या पुढे फारसा जात नाही, पण हवा दमट. आपला सदरा दोरीवर वाळत नाही, तशीच तिच्या श्वासातली वाफही सहज उडत नाही. मग ती अधिक जोरात धापते, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड भसाभस बाहेर जातो आणि रक्ताची आम्लता बिघडते.

तेवढ्यावर भागत नाही. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे कण, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, उष्म्यात बिनसतात आणि ऑक्सिजनची अर्धवट वापरलेली, चावरी रूपे जास्त प्रमाणात बाहेर पडू लागतात. पेशीचे आवरण स्निग्ध पदार्थांचे असते. कोंबडीच्या स्निग्धांशात गोमांसाच्या मानाने असंतृप्त भाग अधिक, म्हणजे खवट व्हायला सोपा. खोबरेल महिनोन्महिने टिकते आणि जवसाचे तेल लवकर खवटते, त्यातला प्रकार. आवरण असे खराब झाले की पेशीला आपले पाणी धरवत नाही. शिवाय तापलेल्या, घाबरलेल्या पक्ष्याच्या स्नायूंत कापल्यानंतर आम्ल झपाट्याने वाढते. शरीर अजून गरम आणि त्यात आम्ल, त्यामुळे प्रथिने तिथल्या तिथे बिघडतात. मांस फिकट, मऊ पडते आणि पाणी सोडते. काफ्रियालचा बट्ट्याबोळ होतो तो इथे.

आता सेलेनियम, हा बिघाड आवरायला मदत करणारे मूलद्रव्य. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८१७ मध्ये ते शोधले आणि चंद्रदेवता सेलेनेवरून नाव दिले. पुढे बराच काळ त्याची ओळख विष म्हणूनच होती, कारण ते जास्त असलेल्या जमिनीतला चारा खाऊन जनावरांचे खूर आणि केस गळत. आपल्याकडे पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागात अशी जमीन आहे. शरीराला ते थोडे लागतेच, हे १९५७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून कळले. त्याच सुमारास ते न मिळालेल्या कोंबडीच्या पिल्लांच्या कातडीखाली पाणी साचते हेही दिसले. म्हणजे पाणी आणि सेलेनियम यांचा संबंध जुनाच. १९७३ मध्ये कारण हाती आले: ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) त्या चावऱ्या रूपांपैकी एकाचे, हायड्रोजन पेरॉक्साइडचे, साधे पाणी करून टाकते, आणि ज्या जागी ही क्रिया घडते तिथे सेलेनियमचा अणू बसलेला असतो. ई जीवनसत्त्व आवरणात राहून खवटपणाची साखळी तोडते, ही विकरे उरलेला कचरा उचलतात. एकाची उणीव दुसरे पूर्ण भरून काढत नाही.

मात्रा किती? अमेरिकेत खाद्यात वरून घालायची मर्यादा किलोला ०.३ मिलिग्रॅम आहे. ५० किलोच्या पोत्यात १५ मिलिग्रॅम, मिठाच्या चिमटीहून कितीतरी कमी. सुमारे साडेतीन किलो खाद्य खाऊन विक्रीला जाणाऱ्या पक्ष्याच्या वाट्याला आयुष्यभरात जेमतेम एक मिलिग्रॅम येते. म्हणून सेलेनियमची पूड घरी हाताने कालवायची नाही. हात थोडा सैल सुटला तर औषधाचे विष होते.

कोणत्या रूपात द्यायचे, यालाही महत्त्व आहे. सोडियम सेलेनाइट हा सेलेनियमचा क्षार स्वस्त, पण स्नायूंत फारसे साठत नाही. सेलेनियमवर वाढवलेल्या यीस्टमध्ये ते मुख्यतः सेलेनोमेथिओनिनच्या रूपात असते. शरीर त्याला नेहमीचे मेथिओनिन, म्हणजे प्रथिने बांधणारे एक अमिनो आम्ल, समजून स्नायूंच्या प्रथिनांत विणून टाकते आणि ताणाच्या दिवसांसाठी साठा तयार होतो. उष्म्यात ठेवलेल्या ब्रॉयलरवरच्या बऱ्याच चाचण्यांत अशा खाद्याने मांसातले सेलेनियम वाढले, खवटपणाची खूण कमी झाली आणि पाणीही कमी सुटले. वजनवाढीचे निकाल मात्र कुठे बरे, कुठे काहीच नाही. खाद्यात मुळात पुरेसे असेल तर आणखी घालून फारसे हाती लागत नाही, असे माझे मत.

हे सगळे मी मेहुण्याला मोठ्या उत्साहाने सांगितले. तो छपरावर पाण्याचा पाइप धरून उभा होता.

“वीज गेली नि पंखे बंद पडले, तर मरतूक थांबेल यानं?”

“नाही.”

“मग भावोजी, तो गोणपाट भिजवा आधी.”

भिजवला. पाण्यात गूळ आणि क्षारांची पूड घातली. मग मी रिकाम्या पोत्यावरचे लेबल वाचत बसलो. सेलेनियम होते, कोणत्या रूपात, ते लिहिले नव्हते. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, मेहुण्याला पैसे मिळतात वजनावर आणि खाद्य किती लागले त्यावर. तव्यावर पाणी सुटले तर याच्या हिशेबात एक पैसाही इकडचा तिकडे होत नाही. कोंबड्या न्यायची गाडी रात्री अकराला येणार होती, उष्मा जरा उतरल्यावर. तोवर त्याने दोनदा छप्पर भिजवले.