करडाची पापणी आणि चौथ्या पोटातला जंत

भाद्रपदात करडं मरायला लागली की दोष सापावर जातो, विषारी पाल्यावर जातो, नाहीतर कुणाच्या तरी नजरेवर. त्याला कारणही आहे. काल संध्याकाळी कळपाबरोबर चरून आलेलं तीन-चार महिन्यांचं करडू सकाळी वाड्यात आडवं पडलेलं असतं. ताप नाही, हगवण नाही, लेंडी घट्ट. पण त्याची खालची पापणी उलटून पाहिली तर आतला भाग कागदासारखा पांढरा दिसतो. हिरड्याही तशाच. करडाच्या अंगात रक्तच उरलेलं नसतं, आणि बाहेर तर एक थेंबही सांडलेला नसतो.

रक्त कुठे गेलं ते शवविच्छेदनात कळतं. शेळीच्या पोटाला चार कप्पे. त्यातला चौथा, म्हणजे आपल्या जठरासारखं काम करणारा कप्पा चिरला की आतल्या तांबूस पाण्यात केसांसारखे जंत वळवळताना दिसतात. जनावर नुकतंच मेलं असेल तर ते अजून जिवंत असतात. मादी दोन ते तीन सेंटिमीटर लांब. तिला पांढऱ्या ताटलीत थोड्या पाण्यात ठेवून पाहिलं तर अंगात लाल आणि पांढरा असे दोन पीळ एकमेकांभोवती गुंडाळलेले स्पष्ट दिसतात. लाल पीळ म्हणजे रक्तानं भरलेलं आतडं आणि पांढरा म्हणजे अंड्यांच्या पिशव्या. हा हिमाँकस कंटॉर्टस. शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात जंतांचे कितीतरी प्रकार सापडतात, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात करडांना इतक्या झटपट मारणारा दुसरा जंत नाही.

त्याच्या तोंडात एक बारीक सुरी असते. तिनं तो जठराचं अस्तर चिरतो, रक्त पितो आणि जागा बदलतो. जुनी जखम तशीच पाझरत राहते. प्यालेलं आणि पाझरलेलं मिळून एका जंतामागे दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त जातं. आकडा क्षुल्लक वाटतो. आता दहा किलोचं करडू घ्या. त्याच्या अंगात जेमतेम ७०० मिलिलिटर रक्त असतं. पोटात हजार जंत असतील, आणि पावसाळ्यात हजार म्हणजे काही फार नव्हेत, तर रोज ५० मिलिलिटर, म्हणजे एकूण रक्ताच्या सात टक्के रक्त जातं. हाडातला मगज नव्या लाल पेशी करत राहतो, पण या वेगाला तो पुरा पडत नाही. रक्ताबरोबर प्रथिनंही जातात. मग रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपून जबड्याखाली साचतं आणि तिथे मऊ, थंड सूज येते. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर ती संध्याकाळी जास्त दिसते आणि रात्रीतून उतरते. म्हणून सकाळी बाजाराला नेलेलं जनावर ठीक वाटतं आणि घेणारा फसतो.

लेंडी तपासली आणि अंडी सापडली नाहीत, म्हणून जंत नाहीत असं धरून चालणं इथे महागात पडतं. अळी पोटात गेल्यापासून मादी अंडी घालू लागेपर्यंत साधारण तीन आठवडे जातात. पण रक्त प्यायला पूर्ण वाढ व्हावी लागत नाही. जठरातली चौथ्या अवस्थेतली अळीसुद्धा रक्त पिते. एकदम खूप अळ्या पोटात गेल्या तर अंडी दिसण्याआधीच करडू पांढरं पडू शकतं. आणि अंडी सुरू झाली की मग विचारायलाच नको, कारण एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते.

ती अंडी लेंडीबरोबर गायरानात पडतात. ऊब आणि ओल मिळाली की आठवडाभरात त्यातून संसर्ग करणारी तिसऱ्या अवस्थेची अळी तयार होते. ही अळी काही खात नाही. आधीच्या अवस्थेची कात अंगावर तशीच ठेवून ती साठवलेल्या ताकदीवर जगते, आणि दवाच्या पातळ थरातून पोहत गवताच्या पात्यावर चढते. फार उंच मात्र जात नाही. बहुतेक अळ्या जमिनीपासून वीतभर उंचीच्या आतच असतात. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तापलेल्या माळावर अंडी नि अळ्या करपून जातात. मग मृगाच्या सरींनंतर जंत येतात कुठून? शेळीच्या पोटातूनच. कोरड्या दिवसांत बऱ्याच अळ्या जठराच्या अस्तरात वाढ थांबवून पडून राहतात. पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला त्या जाग्या होतात. त्यात शेळी नुकतीच व्यालेली असेल तर तिची जंतांविरुद्धची ताकद काही आठवडे घसरलेली असते आणि तिच्या लेंडीतली अंडी एकदम वाढतात. करडू पहिलं गवत तोंडात धरतं तेच आईनं अंडी टाकलेल्या जागेवरचं.

शेळी मुळात झाडपाला ओरबाडणारं जनावर. मागच्या पायांवर उभी राहून बोरी-बाभळीचा शेंडा खाणाऱ्या प्राण्याचा जमिनीलगतच्या अळ्यांशी संबंध तसा कमीच येत आला. त्यामुळे मेंढीच्या अंगात या जंतांविरुद्ध जी प्रतिकारशक्ती तयार होते, तेवढी शेळीत होत नाही. मग आपण झुडपं तोडली, बांध साफ केले, शेळीला मेंढीसारखं गवतावर चरायला लावलं आणि वर तिलाच नाजूक म्हणतो! करडांचं तर आणखी अवघड. त्यांची प्रतिकारशक्ती अजून घडायची असते, शिवाय तिसऱ्या महिन्याच्या आसपास दूध तोडलं जातं आणि नेमकं तेव्हाच पोट गवतावर येतं.

आता उपाय. सगळ्यात भरवशाचं साधन फुकटचं आहे, ते म्हणजे पापणी. दक्षिण आफ्रिकेतले पशुवैद्य फ्रान्स्वा मालान यांनी पापणीच्या रंगाची मेंढीच्या रक्ताशी सांगड घातली. त्यातून पाच रंगांचा तक्ता तयार झाला आणि आज तो ‘फामाचा’ या नावानं जगभर वापरला जातो. एक म्हणजे लालबुंद, पाच म्हणजे पांढराफट्ट. एक आणि दोनला औषध नको. चार आणि पाचला लगेच हवं. मोठ्या मेंढ्यांत तीन म्हणजे विचार करायची जागा, पण करडाच्या बाबतीत तीनलाही औषध द्यावं, कारण तीनवरून पाचवर जायला त्याला फार दिवस लागत नाहीत.

पाहायची पद्धत मात्र शिकून घ्यावी लागते. करडू उन्हात धरायचं, आपली सावली डोळ्यावर पडू द्यायची नाही. अंगठ्यानं वरची पापणी खाली ओढून डोळा झाकायचा, बुबुळ हलकंसं आत दाबायचं आणि दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी खाली ओढायची. आतलं अस्तर उलटून पुढे येतं. त्याचा रंग क्षणात पाहून घ्यायचा, कारण पापणी ताणून धरली की रंग बदलतो. दोन्ही डोळे पाहायचे आणि ज्याचा रंग फिका तो धरायचा. डोळे आले असतील किंवा धुळीनं चुरचुरत असतील तर पांढरं करडूही लाल दिसतं. उलट, गोचीड, उवा, लिव्हर फ्लूक (यकृतातला चपटा कृमी), रक्तातले परजीवी किंवा नुसती उपासमार यांनीही पापणी पांढरी पडते. तक्ता रक्त कमी झाल्याचं सांगतो, कुणामुळे ते सांगत नाही. पावसाळ्यात ही तपासणी दर एक-दोन आठवड्यांनी व्हायला हवी. हात बसला की एका करडाला अर्धा मिनिटही लागत नाही.

पाच नंबरचं करडू हाती लागलं तर पहिली गोष्ट, त्याला पळवायचं नाही. कळपातून पाठलाग करून धरलेलं पांढरं करडू हातातच मान टाकतं, कारण उरल्यासुरल्या रक्तावर हृदय कसंबसं चाललेलं असतं. त्याला सावलीत, कोरड्या जागी बांधायचं आणि चारा-पाणी तोंडाशी न्यायचं. शक्य असेल तर पशुवैद्यकाकडून दुसऱ्या धडधाकट शेळीचं रक्त चढवून घेता येतं. पहिल्या वेळेला त्यात सहसा मोठी रिॲक्शन येत नाही. खेड्यात हे क्वचितच जमतं, पण जमतं.

मग औषध. इथे शेळीवाले सगळ्यात जास्त फसतात. बाटलीवर मेंढीचा डोस असतो आणि तोच शेळीला पाजला जातो. शेळीचं यकृत ही औषधं मेंढीपेक्षा लवकर निकालात काढतं. म्हणून अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल या गटाचा शेळीचा डोस साधारण मेंढीच्या दुप्पट लागतो आणि लेव्हामिसोलचा दीडपट. दीडपटच, कारण लेव्हामिसोलचा थोडाही जादा डोस विषारी ठरतो. क्लोझँटेल रक्तातल्या प्रथिनाला चिकटून राहतं, त्यामुळे रक्त पिणाऱ्या जंतावर ते चांगलं चालतं, पण जास्त झालं तर डोळे कायमचे जातात. नुकत्याच फळलेल्या शेळीला अल्बेंडाझोल द्यायचं नाही, गर्भात व्यंग येतं. म्हणून औषध कोणतं आणि किती, हे पशुवैद्यकानं ठरवावं आणि वजन काट्यावर करावं. नजरेनं वजन धरलं की ते बहुधा कमीच धरलं जातं. पाजताना तोंड आकाशाकडे करायचं नाही. सिरिंजचं टोक गालातून जिभेच्या मागच्या भागावर न्यायचं आणि हळूहळू सोडायचं. घाईत ओतलेलं औषध फुप्फुसात गेलं तर जंतांऐवजी न्यूमोनियानं करडू जातं.

जंत मेले म्हणजे रक्त भरलं असं नाही. पापणीवर लाली परतायला काही आठवडे लागतात. त्यासाठी मगजाला लोह आणि त्याहून जास्त प्रथिनं लागतात. शेंगदाण्याची पेंड, शेवगा, हादगा, बेतानं सुबाभूळ, आणि पित्या करडाला आईचं पोटभर दूध. दुधात लोह फार कमी असतं, तेव्हा बऱ्याच दिवसांपासून फिकं पडलेलं करडू असेल तर लोहाचं औषध किंवा इंजेक्शन पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं द्यावं. गूळपाण्यानं तरतरी येते, रक्त येत नाही. पळसपापडीबद्दलही असंच. पळसाच्या बियांत जंतांवर परिणाम करणारं द्रव्य आहे हे खरं, पण पाच नंबरच्या करडावर तिचा प्रयोग करायची ही वेळ नव्हे.

इतकं नामी औषध आहे तर दर दोन महिन्यांनी सगळ्या कळपालाच का पाजू नये? कारण तसं केल्यानं औषधच मरतं. अल्बेंडाझोलच्या गटातलं पहिलं औषध, थायाबेंडाझोल, १९६१ साली बाजारात आलं. १९६४ पर्यंत त्याला दाद न देणाऱ्या हिमाँकसच्या नोंदी झाल्या होत्या. जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला हे औषध चिकटतं. त्या प्रथिनाच्या साखळीतला २०० क्रमांकाचा एकच दुवा बदलला की औषधाची पकड सुटते. असे मोजके जंत आधीपासून असतातच. सगळ्या कळपाला औषध दिलं की बाकीचे मरतात आणि माळावर फक्त यांचीच अंडी पडतात. दिवसाला दहा हजार अंडी घालणाऱ्या जातीला माळ भरून टाकायला किती वेळ लागणार?

पावसाळ्यापूर्वी सगळ्यांना डोस, हा आपल्याकडचा रूढ सल्ला मला म्हणूनच अर्धा पटतो. जठरात दडून बसलेल्या अळ्या तेव्हा मारल्या तर माळ उशिरा दूषित होतो, हा फायदा खरा आहे. पण त्या वेळी माळ कोरडा असतो. बाहेर एकही अळी नाही, म्हणजे औषधातून वाचलेल्या जंतांमध्ये मिसळायला साधे, औषधाला बळी पडणारे जंतच उरत नाहीत. औषध निकामी करायची याहून सोपी युक्ती सापडणार नाही. मधला मार्ग असा की व्यालेल्या आणि गाभण शेळ्या, तरुण जनावरं, फिक्या पापणीची जनावरं यांना औषध द्यावं आणि लाल पापणीच्या, अंगानं भरलेल्या मोठ्या शेळ्या मुद्दाम वगळाव्यात. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांत असतात, त्यामुळे बाकीच्यांना वगळून फारसं बिघडत नाही. वर्षानुवर्षं ज्या शेळीची पापणी लाल राहते तिचाच बोकड ठेवावा, कारण हा गुण पुढच्या पिढीत उतरतो. सुंदरबनातल्या दलदलीत वाढणाऱ्या गारोळ मेंढीशी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दख्खनी मेंढीचा संकर केला, तेव्हा संकरित कोकरांत जंतांचा प्रतिकार जास्त दिसला होता.

औषध लागू पडतंय की नाही हेही पाहता येतं. डोसच्या दिवशी आणि नंतर दहा ते चौदा दिवसांनी त्याच जनावरांच्या लेंडीतली अंडी मोजून घ्यायची. पंच्याण्णव टक्क्यांहून कमी घट झाली तर बाटली बदलायची. आणि बाटली बदलणं म्हणजे औषधाचा गट बदलणं. दुकानात दुसऱ्या नावानं तेच अल्बेंडाझोल मिळतं.

लेंडीला चिकटलेले तांदळासारखे पांढरे तुकडे पाहून लोक फार घाबरतात. ते पट्टकृमीचे असतात आणि बहुधा फारसं नुकसान करत नाहीत. दिसतो तो जंत मारत नाही आणि मारतो तो दिसत नाही, असा हा मामला. करडाला रक्ताची हगवण असेल तर मात्र संशय कॉक्सिडियावर घ्यावा. तो जंत नव्हे, एकपेशीय परजीवी आहे. जंताच्या औषधानं त्याला काही होत नाही. त्याची औषधं वेगळी, आणि वाडा कोरडा ठेवणं हा अर्धा उपचार.

चराईत थोडा बदल केला तरी बराच फरक पडतो. करडांना दव सुकल्यावर सोडावं, खुरटलेल्या गवतापेक्षा झुडपांवर न्यावं, बाभळीच्या शेंगा घालाव्यात. त्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य जंतांना मानवत नाही. कोकणासारख्या उष्ण, दमट हवेत अळ्या झपाट्यानं बाहेर येतात आणि तितक्याच झपाट्यानं मरतात. तिथे चार दिवसांत तुकडा बदलला आणि जुन्याला पाच-सहा आठवडे विसावा दिला तर अळ्या बऱ्याच घटतात. मधल्या काळात त्यावर गाई-म्हशी चारल्या तर त्या शेळीचे जंत गिळून फुकट घालवतात.

बाजारातून आणलेली शेळी थेट कळपात सोडू नये, कारण तिच्याबरोबर परगावचे, औषधाला दाद न देणारे जंत येतात. पशुवैद्यकाला विचारून तिला दोन वेगळ्या गटांची औषधं द्यावीत, दोन दिवस वेगळी बांधावी, तिची लेंडी गोळा करून खड्ड्यात टाकावी. नंतर तिला आपल्या शेळ्या चरत असलेल्या जुन्या जागेतच न्यावं, नव्या कोऱ्या चराईत नाही. तिच्या पोटात जे चार जंत वाचले असतील त्यांची अंडी मग आपल्या माळावरच्या साध्या जंतांच्या गर्दीत पडतात.