पार्श्वभूमी: जहाजाच्या जोडात फ्लक्स काय करतो

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवायची उभी भट्टी, पेटवला की कोकबरोबर चुनखडी पडते. मळ ओढून घेणाऱ्या अशा पदार्थालाच फ्लक्स म्हणतात. राख आणि वाळू चुन्याशी बांधली जाते आणि स्लॅग, म्हणजे वितळलेला मळ, होऊन वर तरंगते, हे तिथल्या जुन्या मिस्त्रींना वेगळं सांगावं लागत नाही. हेच रसायन जहाजाच्या पत्र्यांच्या वेल्डिंगच्या जोडात काही सेकंदांत घडतं. बेळगाव-खानापूरची जी पोरं चोर्ला घाट उतरून गोव्यात जहाजबांधणीच्या कामाला जातात, त्यांना हे आयटीआयमध्येच नीट शिकवायला हवं.

वेल्डिंगमध्ये फ्लक्स वापरायची सुरुवात जहाजांच्याच दुरुस्तीतून झाली. उघड्या तारेने केलेला जोड हवेतला ऑक्सिजन-नायट्रोजन ओढून ठिसूळ व्हायचा, म्हणून स्वीडनच्या ऑस्कर शेलबेरी यांनी वेल्डिंगच्या रॉडवर फ्लक्सचा लेप चढवला आणि १९०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. १९३० च्या दशकात फ्लक्सच्या पावडरीखाली जळणारा सबमर्ज्ड आर्क (विजेची ठिणगी पावडरीत झाकून केलेलं वेल्डिंग) आला आणि लांबलचक जोड झपाट्याने होऊ लागले.

जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेतलं ‘स्केनेक्टडी’ हे नवंकोरं टँकर जहाज शांत पाण्यात, धक्क्यालाच उभं असताना दुभंगलं. दोष पोलादाचा आणि रचनेचाही होता, सगळं खापर वेल्डिंगवर फोडणं चूक ठरेल. पण थंडीतही टिकणाऱ्या टफनेसची, म्हणजे न तडकता धक्का सोसण्याच्या ताकदीची, मागणी तिथून वाढली, आणि ती जोडाच्या धातूलाही लागू झाली.

मग लक्ष फ्लक्सकडे वळलं. सिलिका (वाळूतला मुख्य घटक) जास्त असलेला फ्लक्स चालवायला सोपा, त्याचा स्लॅगही सहज सुटतो. मात्र आर्कच्या उष्णतेत सिलिका फुटते, सिलिकॉन आणि ऑक्सिजन धातूत शिरतात. ऑक्साइडचे बारीक कण अडकून राहतात आणि टफनेस घसरतो. चुना, मॅग्नेशिया, फ्लोरस्पार ही खनिजं वाढवली, म्हणजे फ्लक्स ‘बेसिक’ केला, की जोडाच्या धातूतला ऑक्सिजन दशलक्षात ७००-८०० भागांवरून २५०-३०० वर येतो. अगदी शून्याकडे नेऊनही उपयोग नाही, कारण काही सूक्ष्म कणांभोवतीच सुईसारखा फेराइट (लोखंडाचे स्फटिक) वाढतो आणि चीर अडवतो. हा समतोल मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

बेसिक फ्लक्सची अडचण ओलाव्याची. पाण्यातला हायड्रोजन जोडालगतच्या कडक पट्ट्यात साठतो आणि चीर कधी दोन दिवसांनी उघडते, तपासणी होऊन गेल्यावरसुद्धा. आपल्याकडच्या आषाढात तर ७०१८ चे, म्हणजे बेसिक लेपाचे, उघडे रॉड बघता बघता ओल धरतात. कंपनीने सांगितलेल्या तापमानाला, बहुधा ३०० ते ३५० अंशांवर, ते ओव्हनमध्ये तास-दोन तास भाजावेत, आणि काढल्यावर हातात न ठेवता गरम क्विव्हरमध्येच (रॉड ठेवायच्या तापत्या डब्यात) ठेवावेत.