मेटल डिटेक्टर मशीन भाड्याने नेण्याआधी अन् सापडलेलं सोनं धुण्याआधी हे वाचून घ्या

राम राम मंडळी. दुकानात आल्याआल्या जवळपास प्रत्येकजण एकच विचारतो, "भाऊ, हे मशीन सोनं दाखवतं का?" तर मशीन सोनं दाखवत नाही, मशीन धातू दाखवतं. खालच्या गोल थाळीतून (तिला आपण कॉइल म्हणतो) जमिनीत चुंबकीय लहरी जातात, धातू असला की त्याच्यात बारीक करंट फिरतो आणि तो करंट त्याच कॉइलला कळतो, एवढंच. आवाज आला म्हणून सोनं असेलच असं नाही, आणि आवाज आला नाही म्हणून सोनं नसेलच असंही नाही, हे डोक्यात ठेवून मशीन न्या म्हणजे परत आणताना आमच्यावर चिडणार नाही.

दुसरा प्रश्न, आपल्या शेतात नगेट म्हणजे सोन्याचे गोळे सापडतील का. यूट्यूबवर ऑस्ट्रेलियाचे व्हिडिओ बघून बरेच जण येऊन राहिले हल्ली. खरं सांगायचं तर जळगाव, धुळे, नंदुरबार हा बहुतेक सगळा काळ्या दगडाचा पट्टा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला. नगेटचं सोनं मूळ येतं ते दुसऱ्या जातीच्या फार जुन्या खडकातल्या गारगोटीच्या शिरांमधून, तो खडक झिजला की सोनं सुटून ओढ्यानाल्यात बसतं. कर्नाटकात कोलार आणि हट्टी त्यातले, आपल्या महाराष्ट्रात भंडारा-नागपूरकडे सोन्याच्या खुणा आहेत, झारखंडात सुवर्णरेखेच्या वाळूत आजही लोक पाटीने सोनं धुतात. तापी-गिरणेच्या वाळूत मशीन फिरवून नगेट मिळेल या आशेने भाडं भरू नका, आम्ही घेणारही नाही. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ते बाजारामुळे, जमिनीमुळे नाही. इथल्या मातीतलं सोनं म्हणजे सराफ बाजारातली झारी, दुकानांच्या झाडलेल्या धुळीतले सोन्याचे कण, आणि ते धुऊन काढायचं काम झारेकऱ्यांचं, त्यांना कुठलंही मशीन लागत नाही.

मग आमच्याकडून मशीन नेतात कोण? हरवलेलं शोधणारे. कपाशी वेचताना कानातलं पडतं, केळीच्या बागेत पाणी धरताना अंगठी निसटते, लग्नाच्या मांडवात मंगळसूत्र तुटतं. याच्यात मशीन खरंच कामाचं आहे, फक्त रीत पाळायला पाहिजे.

पहिली गोष्ट, वस्तू हरवली की त्या वावरात नांगर, वखर, रोटाव्हेटर काहीच घालू नका. एकदा रोटा फिरला की अंगठी कुठल्या कुठे जाते, वर वाकते ती वेगळीच. दुसरं, उन्हाळ्यात हरवलं असेल तर आधी भेगा बघा. आपली काळी जमीन एप्रिल-मेमध्ये अशी फाटते की हात कोपरापर्यंत आत जातो, आणि अंगठी भेगेत गेली की मशीनच्या टप्प्याच्या खाली जाते, कारण एका अंगठीसाठी मशीनचा टप्पा साधारण वीतभरच धरायचा. अशा वेळी बॅटरी लावून भेगेत बघितलेलं बरं, आणि पाऊस पडायच्या आत, कारण पावसाने भेग मिटली की विषय संपला. तिसरं, कापसाच्या ढिगात पडल्याचा संशय असेल तर कापूस जिनिंगला जायच्या आधी सांगा. ढीग ताडपत्रीवर पातळ पसरून त्याच्यावरून कॉइल फिरवणं सगळ्यात सोपं काम, कापूस मशीनला अजिबात आडवा येत नाही.

वावरात शोधताना दोऱ्या बांधून दोन-दोन हाताचे पट्टे पाडा. कॉइल जमिनीपासून दोन बोटं वर, जमिनीला समांतर, झाडू मारतो तसं टोकाला वर उचलायचं नाही, आणि सावकाश. घाईत फिरवलं की बारीक आवाज सुटतो, सगळ्यात जास्त सोनं तिथंच सुटतं. सुरू करायच्या आधी ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे स्वच्छ जागेवर कॉइल वर-खाली करत मशीनला सांगायचं की ही माती आहे, हिला ओरडू नको. आपल्या काळ्या दगडात लोहचुंबकी खनिज भरपूर असतं त्यामुळे इथं हे टाळून चालत नाही, आणि वावराचा एक कोपरा मुरमाड अन् बाकी काळं असेल तर तिकडे गेल्यावर परत करा. एखादा दगडच ओरडतो कधीकधी. अशा दगडाचा आवाज पसरट असतो आणि कॉइल जराशी उचलली की लगेच मरतो, धातूचा आवाज दोन्ही बाजूंनी फिरवलं तरी एकाच जागी टणकन येतो. विजेच्या मोठ्या लाइनखाली किंवा मोटारीच्या पेटीजवळ मशीन विनाकारण कुरकुर करेल, तिथं सेन्सिटिव्हिटी कमी करा. मोबाइल लांब ठेवा, खोरं-कुदळ पण लांब, हातातल्या बांगड्या-कडं काढून ठेवा.

आता डिस्क्रिमिनेशनचं बटन, म्हणजे नको त्या धातूचा आवाज बंद करणारं. लोखंड गाळायला ते ठीक आहे, पण जास्त वर नेऊ नका. बारीक सोन्याचा आवाज आणि अॅल्युमिनियमच्या पन्नीचा आवाज मशीनला जवळपास सारखाच वाटतो, म्हणून फवारणीच्या औषधाच्या बाटलीचं चंदेरी सील, गोळ्यांच्या पाकिटाची पन्नी, हे सगळं उकरावं लागेल. वैताग येतो, मान्य, पण पन्नी गाळली की कानातलं पण गाळलं जातं. आणि साखळीबद्दल खास सांगतो, सोन्याची बारीक साखळी मशीनला फार कमी दिसते, वजनाने पाच ग्रॅमची असली तरी. कारण करंट एका कडीतून दुसऱ्या कडीत नीट जात नाही, मशीनला ती पन्नास वेगवेगळ्या बारीक कड्याच वाटतात. मंगळसूत्रात आवाज देतात त्या वाट्या. साखळी शोधायची असेल तर तिचा हुक, पेंडंट याच्या भरवशावर शोधायचं, आणि छोटी कॉइल मागून घ्या आमच्याकडून.

कायद्याचं पण सांगून ठेवतो, कारण नंतर पोलीस आमच्याकडे येतात. जमिनीत पुरलेलं जुनं काही सापडलं, नाणी, दागिने, हंडा, काहीही, आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असली (हो, दहाच, कायदा १८७८ चा आहे) तर कलेक्टर साहेबांना लेखी कळवावंच लागतं. मूळ मालक निघाला नाही तर त्याच कायद्यात सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जागामालकाला एक हिस्सा अशी तरतूद आहे. लपवलं तर हिस्सा जातो, वर्षापर्यंत कैद होऊ शकते. किल्ले, लेणी, जुनी देवळं, गावाची पांढरी (जुन्या वस्तीची जागा), इथं मशीन घेऊन जायचंच नाही, पारोळ्याचा किल्ला असो की लळिंगचा. गुप्तधनासाठी मांत्रिक आणून अघोरी काही केलं तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि ते दोन तारांचे अँटेनावाले "शंभर मीटरवरून सोनं दाखवणारे" लोकेटर पण त्याच माळेतले मणी, त्याच्यावर लाखभर रुपये घालवलेले लोक आमच्याकडे ते विकायला आणतात, आम्ही घेत नाही.

नगेट आपल्याकडे येतात ते बाहेरून. पोरगा, जावई ऑस्ट्रेलियात असतो, रविवारी मशीन घेऊन हिंडतो, एखादा गोळा सापडतो अन् आईला दाखवायला आणतो. तिकडे व्हिक्टोरिया राज्यात मायनर्स राइट नावाचं परमिट काढलं की सापडलेलं सोनं आपलं, दहा वर्षं चालतं ते, फक्त नॅशनल पार्क वगैरेचे नियम बघायचे आणि खड्डा बुजवायचा. तिथंच १९८० साली केव्हिन हिलियर यांना मशीनने २७ किलोचा गोळा सापडला, हँड ऑफ फेथ म्हणतात त्याला. इकडे आणताना मात्र विमानतळावर कस्टमच्या रेड चॅनलला जाऊन डिक्लेअर करा. परदेशात राहून येणाऱ्यांना जी ग्रॅमची सूट मिळते ती दागिन्यांना, कच्च्या गोळ्याला नाही.

आता धुण्याचं. इथं लोक सगळ्यात जास्त नुकसान करून घेतात. नगेट घरी आला की पहिल्यांदा कोणीतरी म्हणतं वितळवून पट्टी करू, नाहीतर घासून चकाचक करू. करू नका. नैसर्गिक आकाराचा गोळा हौशी लोक वजनापेक्षा जास्त भावाने घेतात, वितळवला की तो फक्त वजनाचा राहतो, वर चांदीची भेसळ निसर्गानेच केलेली असते म्हणून पूर्ण शुद्धही भरत नाही. १८६९ साली ऑस्ट्रेलियातच वेलकम स्ट्रेंजर नावाचा सत्तर किलोच्या वर सोन्याचा गोळा निघाला होता, तराजूत बसेना म्हणून ऐरणीवर फोडला बिचाऱ्याला. आज फोटोसुद्धा नाही त्याचा, नकला तेवढ्या आहेत.

सुरुवात कोमट पाण्याने करायची. काचेच्या वाटीत पाणी, दोन थेंब भांड्याचं लिक्विड किंवा रिठ्याचं पाणी, त्यात रात्रभर भिजू द्या, सकाळी लहान मुलाच्या मऊ ब्रशने खाचांमधली माती काढा. धुतलेलं पाणी मोरीत ओतू नका, पांढऱ्या ताटलीत ओतून तळ बघा, बारीक कण सुटलेले असतात. बहुतेक वेळा एवढंच पुरतं. तांबूस गंज चिकटून बसला असेल तर ऑक्झॅलिक अॅसिड लागतं, पावडर मिळते, कोमट पाण्यात थोडी घालून त्यात ठेवायचं, पण ती विषारी आहे, हातमोजे, चष्मा, उघडी जागा आणि स्वयंपाकाचं भांडं अजिबात नाही. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढून भरपूर पाण्याने धुवायचं. जमत नसेल तर आमच्याकडे आणा, हे आम्ही करतो. गारगोटी चिकटलेली असेल तर ती राहू द्या. गारगोटी विरघळवतं ते हायड्रोफ्लोरिक अॅसिड, ते कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत पोहोचतं, घरात नावही काढू नका, आणि आमच्या दुकानात पण ते काम होत नाही, पैसे दिले तरी नाही. पारा लावू नका, सोनं पांढरं पडतं आणि मग तो काढायला तापवलं तर वाफ छातीत जाते. ब्लीच आणि अॅसिड एकत्र कधीच नाही, क्लोरीन गॅस होतो.

शोधून आणलेल्या दागिन्यांचं जरा वेगळं. पोकळ पाटल्या, जुने मणी यांच्यात लाख भरलेली असते, गरम पाण्यात टाकलं की लाख पाघळते आणि दागिना चेपतो. मोती, पोवळं, पाचू भिजवायचे नाहीत, ओल्या कापडाने पुसायचे. टूथपेस्ट, राख, संडास साफ करायचं लिक्विड, हे सगळं बंद. आणि दारावर "सोनं पॉलिश करून देतो" म्हणत येणाऱ्याला दागिना देऊ नका, त्याच्या वाटीत आम्लराज असतं, सोनं विरघळवणारं एकच ओळखीचं अॅसिडचं मिश्रण, दागिना चमकतो खरा पण दोन-चार ग्रॅम त्याच्या वाटीत राहतं.

गारगोटीसकट गोळा असेल तर त्याच्यात सोनं किती हे घरीच कळतं, डिजिटल काटा पाहिजे फक्त. आधी गोळ्याचं वजन करा, समजा २० ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा, गोळा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला-कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल, समजा २.५, तेवढं त्याचं आकारमान. २० भागिले २.५ म्हणजे घनता ८. शुद्ध सोन्याची १९.३ आणि गारगोटीची २.६५, त्याचा हिशोब मांडला की सोनं साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास निघतं. गणित आम्ही करून देऊ, दोन आकडे लिहून आणा. नुसत्या पिवळ्या गोळ्याची घनता आठ-साडेआठ आली तर आनंद करू नका, पितळेची तेवढीच असते. पाचच्या आसपास आली तर माक्षिक (सोन्यासारखं दिसणारं लोखंडाचं खनिज, पायराइट), हातोडी मारली की त्याचा चुरा होतो, सोनं चपटं होतं. पण आपल्या गोळ्यावर हातोडी मारून बघू नका म्हणजे झालं.

टंच म्हणजे शुद्धता काढायला नेलं की मशीनवर दोन मिनिटांत आकडा येतो, पण एक्स-रे मशीन फक्त वरचा पापुद्रा वाचतं आणि जुन्या गोळ्याच्या वरच्या थरातली चांदी मातीत राहून निघून गेलेली असते, त्यामुळे आकडा आतल्यापेक्षा चांगला दिसतो. विकणारा खूश, घेणारा नंतर भांडतो. मोठा व्यवहार असेल तर दोघांनी आधीच ठरवून घ्या कुठला आकडा धरायचा.

मशीन नेताना आधार कार्डची झेरॉक्स आणि डिपॉझिट, भाडं दुकानातल्या बोर्डावर लिहिलेलं आहे. शेत दुसऱ्याचं असेल तर त्याची परवानगी घेऊन या. परत करताना कॉइलचा चिखल पुसून, बॅटरी काढून आणा, पाइपात माती गेली असेल तर तसं सांगा, आम्ही रागावत नाही. मंगळवारी दुकान बंद असतं.